अकरा शिक्क्यांचा प्रश्न

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता चिनात्सु होरिउची कामिनोसे गावच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर हजर झाली, तेव्हा खरं म्हणजे तिला पावाच्या दुकानात असायचं होतं.

आठवीच्या मुलांनी नोव्हेंबरात पाच दिवस शाळेऐवजी कुठेतरी कामाला जायचं, हे ठरलेलं. पावाच्या दुकानात जागा एक आणि इच्छुक दोघी, म्हणून दगड-कात्री-कागदावर निकाल लागला. वर्गातल्या युकानोने कागद काढला, चिनात्सुने दगड. त्यामुळे युकानो पाच दिवस भट्टीसमोर उभी राहून उरलेले गोड पाव खाणार होती, आणि चिनात्सुच्या वाट्याला आला होता ‘डिजिटल प्रगती विभाग’. या विभागात दोन टेबलं, दोन माणसं, एक रॉकेलचा स्टोव्ह आणि भिंतीवर एक भलंमोठं पोस्टर होतं.

गेल्या वर्षीची चिनात्सु असती तर पाच दिवस गुपचूप कागदांना टाचण्या मारून घरी गेली असती. वर्गात हात वर करायची वेळ आली की ती पेन्सिल खाली पाडायची आणि प्रश्न संपेपर्यंत बाकाखाली शोधत बसायची. पण यंदा क्रीडादिनाला निवेदन करणाऱ्या ताईचा ऐनवेळी घसा बसला, शेजारी उभी होती म्हणून माईक चिनात्सुच्या हातात कोंबण्यात आला, आणि चार तासांनी तो काढून घ्यायला दोन शिक्षक लागले. तेव्हापासून तिचं तोंड जे उघडलं होतं ते मिटतच नव्हतं. “तुझा आवाज सापडला ते बरं झालं गं,” आई म्हणायची, “पण जेवताना तरी हरवू दे.”

शाळेने एक तक्ता भरायला दिला होता. ‘कामाच्या ठिकाणी शिकलेले तीन नवे शब्द, त्यांचे अर्थ, आणि आपल्या गावात त्यांचा उपयोग कसा करता येईल?’ शुक्रवारी संध्याकाळपर्यंत भरून द्यायचा.

चिनात्सुने पोस्टरकडे पाहिलं. त्यावर निळ्या आकाशाखाली एक हसरं कुटुंब बोटांनी हवेत कुठेतरी दाखवत होतं, आणि भोवती शब्द तरंगत होते. क्लाउड. एआय. ब्लॉकचेन. मेटाव्हर्स. तीन काय, चार होते. काम दहा मिनिटांत उरकणार.

“कुवाबारासान, क्लाउड म्हणजे काय?”

विभागप्रमुख कुवाबारासान अठ्ठावन्न वर्षांचे होते. एकतीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठ्यात काढली होती. कुठल्या गल्लीतला व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरतो हे ते झोपेत सांगत. एप्रिलच्या बदल्यांत कोणाच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांना उचलून इथे बसवलं होतं. ते सगळ्यांना नावापुढे ‘सान’ लावून अहोजाहो करत, अगदी चौदा वर्षांच्या मुलीलाही.

“होरिउचीसान,” ते चहाचा पेला खाली ठेवत म्हणाले, “हा प्रश्न तुम्ही निशिदेसानना विचारलात तर जास्त बरं.”

निशिदेसान कंत्राटावर होत्या. डाव्या हाताने टंकलेखन आणि उजव्या हाताने तांदळाची बिस्किटं, अशी त्यांची कामाची पद्धत होती.

“क्लाउड ना? आपलं सामान दुसऱ्याच्या घरी ठेवायचं आणि किल्ली आपल्याकडे. आपल्या कचेरीचं सगळं शेजारच्या गावाच्या कचेरीत आहे, तळघरात, मोठ्या कपाटाएवढ्या संगणकात.”

“मग नावात ढग कशाला?”

“दुसऱ्याच्या तळघरात म्हटलं तर कोण ठेवेल, चिनात्सुचान?”

चिनात्सुने भराभर लिहून घेतलं. “आणि एआय?”

“त्याने जगातलं भरपूर वाचलेलं असतं. त्यावरून पुढे कुठला शब्द यावा याचा तो अंदाज बांधतो. माहीत असलेलं आणि माहीत नसलेलं, दोन्ही सारख्याच ठामपणे सांगतो.”

“म्हणजे आमचे बाबा.”

“सगळ्यांचेच. पुढे?”

“ब्लॉकचेन.”

निशिदेसानचा बिस्किटाचा हात हवेतच थांबला. त्यांनी कुवाबारासानकडे पाहिलं. कुवाबारासाननी स्टोव्हकडे पाहिलं. स्टोव्हवरची किटली एकटीच काय ते बोलत राहिली.

“हे माझ्या कंत्राटात बसत नाही,” निशिदेसान म्हणाल्या आणि पुन्हा दोन्ही हातांनी कामाला लागल्या.

आता इथेच कुवाबारासान ‘मला माहीत नाही’ म्हणाले असते तर गोष्ट संपली असती. पण माणूस भला होता. पोरीने एवढ्या उत्साहाने विचारलंय, तिला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? कचेरीत एवढे विभाग आहेत, कोणाला तरी माहीत असेलच. आणि कामिनोसेच्या कचेरीत एका विभागाने दुसऱ्याला काही विचारायचं तर जिना चढून जाऊन तोंडाने विचारणं म्हणजे समोरच्याला कोंडीत पकडण्यासारखं. रीतसर कागद फिरवायचा, म्हणजे ज्याला त्याला सवडीने बघता येतं.

“तुमचा प्रश्न स्वच्छ अक्षरात लिहून द्या,” ते म्हणाले. “मी फिरवतो.”

चिनात्सुने लिहिलं: ‘ब्लॉकचेन म्हणजे काय? आपल्या गावात त्याचा उपयोग कसा करता येईल?’ दुसरं वाक्य शाळेच्या तक्त्यातलं होतं. कुवाबारासाननी त्यावर फिरत्या कागदाचं छापील मुखपृष्ठ लावलं, विषयाच्या रकान्यात, नेहमी लिहितात तसं, ‘ब्लॉकचेनबाबत’ एवढंच लिहिलं, आणि खाली आपला शिक्का मारला. जरा डावीकडे झुकवून. खालच्या माणसाचा शिक्का वरच्या साहेबाच्या रकान्याकडे वाकलेला असावा, म्हणजे शिक्काही नमस्कार करतो. मग दोन्ही पानं जुळवून सांध्यावर आणखी एक, अर्धा या पानावर, अर्धा त्या पानावर.

“एवढं कशाला?” चिनात्सुने विचारलं.

“मधलं पान कोणी बदलू नये म्हणून. बदललं तर अर्धा शिक्का पोरका होतो.”

कागद निघाला.

मंगळवारी त्याचा पत्ता नव्हता. चिनात्सुने दिवसभर खुर्च्यांना क्रमांक चिकटवले आणि मेटाव्हर्सबद्दल सतरा वेळा विचारलं. बुधवारी दुपारी जेवणाची घंटा झाली आणि डबा उघडतात न उघडतात तोच कागद परत आला. दोन पानांचा गेला होता, पाच पानांचा होऊन आला. मुखपृष्ठावर कुवाबारासानच्या शिक्क्यापुढे आणखी अकरा लाल शिक्के, एकापुढे एक वाकलेले, जणू अंत्ययात्रेला जमलेली माणसं. सगळ्यात शेवटी ताठ उभा असलेला नगराध्यक्षांचा.

“कोणाला माहीत होतं?” चिनात्सु धावतच आली. “काय लिहिलंय?”

कुवाबारासान एकेक पान उलटत होते. बांधकाम विभाग: ‘हरकत नाही. मात्र पायाची तपासणी आधी करावी.’ अग्निशमन: ‘आगप्रतिबंधक अंतर सोडावे.’ आरोग्य: ‘वृद्धांना त्रास होणार नाही असे पाहावे.’ शिक्षण: ‘स्तुत्य.’ प्रत्येकाने मुखपृष्ठ वाचलं होतं, आधीचे शिक्के मोजले होते आणि एवढ्या जणांनी पाहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असं समजून आपला मारला होता. मागचं पान, आठवीच्या अक्षरातलं, कोणी उलटलं नव्हतं. विषयाचं नावही वाटेत वाढलं होतं. कोणीतरी सुबक अक्षरात भर घालून ते ‘ब्लॉकचेन अंमलबजावणीबाबत’ केलं होतं.

शेवटच्या पानावर चिठ्ठी होती: ‘शुक्रवारच्या सभेत विषय क्रमांक चार. विभागप्रमुखांनी दहा मिनिटे माहिती द्यावी.’

“अभिनंदन,” निशिदेसान म्हणाल्या. “आपण अंमलबजावणी करतोय.”

“कशाची?” चिनात्सुने विचारलं.

कुवाबारासाननी कागद टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा धुतलेल्या मुळ्यासारखा पांढरा पडला होता. ते उठले, खिडकीशी गेले आणि बाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत उभे राहिले.

“जूनच्या सभेसारखं होणार आता,” निशिदेसान हळूच म्हणाल्या.

“जूनमध्ये काय झालं?”

“काय व्हायचंय! सभासदांनी यांना एक शब्द विचारला. यांना येईना. चाळीस सेकंद नुसते उभे. इतिवृत्त लिहिणाऱ्याने इमानेइतबारे कंसात लिहिलं, ‘शांतता’. ते छापून गावातल्या घराघरात गेलं. यांच्या बायकोनेही वाचलं. तेव्हापासून सभागृहाच्या मजल्यावर जायचं म्हटलं की हे जिन्यातूनच परत फिरतात.”

चिनात्सुने डबा बंद केला. चाळीस सेकंदांची शांतता म्हणजे काय असतं, हे तिला बाकाखाली बसून चांगलं माहीत होतं. आणि या वेळी ती शांतता तिने स्वतःच्या हाताने, स्वच्छ अक्षरात लिहून दिली होती.

“तुम्ही सांगून टाका ना, की चूक झाली!” ती खिडकीशी जाऊन म्हणाली.

“अकरा जणांनी शिक्के मारलेत, होरिउचीसान. न वाचता मारले, असं मी चारचौघांत कसं म्हणू? आणि ज्यांना एकट्यात सांगता आलं असतं ते नगराध्यक्ष शुक्रवार सकाळपर्यंत बाहेरगावी आहेत.” ते कसंनुसं हसले. “तुमची चूक नाही हं. प्रश्न चांगला होता.”

हे असं गोड बोललं की माणसाला जास्तच वाईट वाटतं.

त्या संध्याकाळी चिनात्सुने घरी इंटरनेट पालथं घातलं. तिथे लिहिलं होतं, ‘ब्लॉकचेन ही विकेंद्रित, अपरिवर्तनीय नोंदप्रणाली होय.’ विकेंद्रित म्हणजे काय ते शोधलं तर तिथे आणखी दोन शब्द दबा धरून बसलेले. त्यांच्या मागे आणखी चार. शेवटी एका लहान मुलांच्या पानावर तिला तीन वाक्यं सापडली. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला जोडलेली असते. तिची प्रत सगळ्यांकडे असते. म्हणून कोणा एकाला ती गुपचूप बदलता येत नाही.

शब्द सगळे समजले. पण ते कसं असतं, ते काही केल्या डोळ्यांसमोर येईना.

गुरुवारी सकाळी ती कुवाबारासानच्या मागेच लागली. “विषय मागे घेऊ या. सांगायचं, घाई झाली.”

शेवटी दोघं दुसऱ्या मजल्यावर सामान्य प्रशासनाच्या ओगुशीसानकडे गेले. ओगुशीसानच्या टेबलावर नियमांची जाडजूड वही आणि एक बारीकसं निवडुंगाचं रोप होतं. दोघांपैकी निवडुंग जास्त प्रेमळ दिसत होतं.

“मागे घेता येणार नाही,” त्या म्हणाल्या.

“का?” चिनात्सुने विचारलं. ओगुशीसानना ‘का’ विचारणारं माणूस बहुधा बऱ्याच वर्षांत त्या खोलीत आलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“हे बघ मुली. पाचही पानं सांध्यावरच्या शिक्क्यांनी एकमेकांना बांधलेली आहेत. एक पान काढलंस तर आधीच्या पानावर अर्धा शिक्का उरतो, पुढच्यावर अर्धा. लगेच कळतं.”

“मग नवीनच करू ना! सगळी पाच पानं नवी!”

“तेही चालणार नाही. कागद ज्या विभागात गेला, त्याने तोपर्यंतच्या सगळ्या पानांची प्रत काढून आपल्या फायलीत लावलेली आहे. अकरा विभाग, अकरा फायली. तुला अकराही कपाटं फोडावी लागतील.”

“आणि एकाच विभागाने आपली प्रत बदलली तर?”

“बाकीचे दहा आहेत ना. लगेच जुळवून बघतील. खोटं कोणाचं ते उघडं पडेल.” ओगुशीसानच्या आवाजात अभिमान होता. “माझ्याकडून काही चुकलं तरी मला एकटीला ते लपवता येत नाही. चाळीस वर्षं हीच पद्धत आहे.”

चिनात्सु तोंड उघडं टाकून उभी राहिली. त्या उघड्या तोंडातून चक्क काही बाहेर आलं नाही, तेव्हा कुवाबारासान घाबरले.

“होरिउचीसान? बरं नाही का वाटत?”

“आधीच्याला जोडलेलं,” ती बोटांवर मोजत म्हणाली. “प्रत सगळ्यांकडे. एकाला बदलता येत नाही. कुवाबारासान, हेच ते! हेच आहे ते! आपण तीन दिवस तेच करतोय!”

“काय?”

“ब्लॉकचेन!”

“ओरडू नये,” ओगुशीसान म्हणाल्या. “इथे काम चाललंय.”

पण कुवाबारासान कागदाकडे बघत होते. त्यांनी सांध्यावरच्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला, एक पान उलटलं, पुन्हा फिरवला. बंद नळ उघडताना आधी थोडी हवा येते, मग थेंब, मग धार. तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर झालं.

“म्हणजे संगणकांनी एकमेकांच्या कागदांवर शिक्के मारायचे,” ते सावकाश म्हणाले. “बस? एवढंच?”

“एवढंच दिसतंय!”

“मग हे सगळे लोक सात महिने हा शब्द निघाला की माझ्याकडे बघून माना काय डोलवत होते?”

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. चिनात्सु आणि निशिदेसान प्रेक्षकांच्या बाकावर बसल्या. प्रेक्षकांनी बोलायचं नाही, अशी पाटी होती. चिनात्सुने खबरदारी म्हणून तोंडात एक अख्खं बिस्किट कोंबलं होतं.

विषय क्रमांक चार. कुवाबारासान उभे राहिले. बारा सभासद, समोर नगराध्यक्ष आणि सगळे विभागप्रमुख, कोपऱ्यात इतिवृत्त लिहिणारा. पाच सेकंद गेले. दहा गेले. लिहिणाऱ्याची लेखणी कंसाच्या दिशेने सरकली. चिनात्सुच्या तोंडातलं बिस्किट कोरडं ठाक पडलं.

“मला,” कुवाबारासान म्हणाले, “परवापर्यंत ब्लॉकचेन म्हणजे काय ते माहीत नव्हतं.”

सभागृहात खुर्च्या करकरल्या. त्या जागी उभं राहून हे वाक्य आजवर कोणी उच्चारलंच नव्हतं.

“काल कळलं. हे बघा.” त्यांनी तो पाच पानी कागद उंच धरला आणि सांधे दाखवले, शिक्के दाखवले, अकरा फायलींचं सांगितलं. मुख्य वाहिनीला फाटा कसा जोडतात ते समजावणाऱ्या माणसाच्या संथ आवाजात. सभासद हळूहळू पुढे झुकले. दहा मिनिटं कधी संपली कळलं नाही.

“छान,” सभासद तोकुमारूबाई म्हणाल्या. त्यांचं टोफूचं दुकान होतं आणि सभेत त्या नेहमी विरोधात असत, विषय कुठलाही असो. “पण आपल्याला त्याचा उपयोग काय?”

“जिथे कोणाचा कोणावर विश्वास नाही आणि वरून बघणारंही कोणी नाही, तिथे उपयोग,” कुवाबारासान म्हणाले. “आपल्याकडे ओगुशीसान आहेत.”

हशा पिकला. ओगुशीसाननी तो शांतपणे स्वीकारला.

“मग अंमलबजावणीचा प्रस्ताव आणला कोणी?” नगराध्यक्षांनी कपाळाला आठ्या घालत विचारलं.

कुवाबारासाननी मागचं पान उलटून त्यांच्यापुढे ठेवलं. “प्रस्ताव नाही, साहेब. प्रश्न आहे. आठवीतल्या मुलीचा.”

नगराध्यक्षांनी वाचलं. मग मुखपृष्ठावरचा आपला ताठ शिक्का पाहिला. मग पुन्हा वाचलं. अकराही शिक्केवाले एकाच वेळी आपापल्या बुटांची पाहणी करू लागले.

“थांबा,” तोकुमारूबाई म्हणाल्या. “म्हणजे आपण बारा जण इथे एका प्रश्नाला मंजुरी द्यायला बसलोय?”

“विषयपत्रिकेवर आलेला विषय निकाली काढावाच लागतो,” ओगुशीसान म्हणाल्या. “मंजूर किंवा नामंजूर.”

आता पंचाईत झाली. प्रश्न नामंजूर कसा करणार? गावातल्या मुलांनी विचारू नये, असा त्याचा अर्थ व्हायचा, आणि तो छापून घराघरात जायचा. थोडी कुजबुज झाली. मग तोकुमारूबाईंनी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदाच, बाजूने. पाठोपाठ बाकीचे अकरा वर गेले. कामिनोसे गावाने एकमताने ठराव केला: ‘ब्लॉकचेन म्हणजे काय?’ मंजूर.

सभा संपली. चिनात्सु बाहेरच्या व्हरांड्यात आली आणि कुवाबारासानपुढे उभी राहून, बिस्किटाचा चुरा उडवत, एकाच दमात सत्तावीस गोष्टी सांगू लागली. ते मान हलवत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा तापल्या किटलीसारखा लाल झाला होता.

तेवढ्यात तिच्या बाहीला कोणीतरी ओढलं. तोकुमारूबाई. त्यांनी मागे-पुढे पाहिलं आणि तिच्या कानाशी लागल्या.

“पोरी, ते मेटाव्हर्स म्हणजे काय गं? तीन वर्षं मान हलवून हलवून माझी मान दुखायला लागलीय.”

“मला नाही माहीत,” चिनात्सु म्हणाली. हे म्हणताना किती मोकळं वाटतं! “मी पण सोमवारपासून विचारतेय.”

“हो? बरं झालं. मला वाटलं मीच एकटी.”

बाईंच्या मागे बांधकामवाले उभे होते, उगाचच सूचनाफलक वाचत. त्यांच्या मागे अग्निशमनचे प्रमुख. त्यांच्या मागे शिक्षणवाले, ‘स्तुत्य’ लिहिणारे. रांग भिंतीच्या कडेकडेने जिन्यापर्यंत गेली होती, आणि प्रत्येक जण आपण रांगेत नाही असं दाखवत होता. सगळ्यात शेवटी, फोनवर काहीतरी फार महत्त्वाचं वाचत असल्यासारखे, नगराध्यक्ष.

त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी घसा साफ केला.

“माझ्या निवडणुकीच्या पत्रकावर एक शब्द छापला होता. वेब थ्री.” ते एकदम मुलासारखे पुढे वाकले. “ते राहू दे. पहिल्या दोन वेबचं काय झालं?”

चिनात्सुचे डोळे लकाकले. तिने एका खिशातून पेन काढलं, दुसऱ्यातून कोरा कागद.

“लेखी नको!” कुवाबारासान ओरडले. एकतीस वर्षं आणि सात महिन्यांत त्यांचा एवढा मोठा आवाज त्या इमारतीने ऐकला नव्हता. “विचारा! हवं ते विचारा! पण तोंडी!”